एका हंड्यात दोन वैरी

डहाणू, ९ जून

चि. कविता हिस,
अ. आ. फोनवर तू निम्मंच ऐकतेस, म्हणून पत्र.

सोबत जिवाणूंच्या दोन बाटल्या आहेत. दोन्ही तुझ्याच शेतातल्या मातीतून माझ्या हर्षदाने वाढवलेले. रोपांच्या मुळांना बळ देतात म्हणे. पण काल लेकीने प्रयोगशाळेत मला काचेची बशी दाखवली आणि मी हादरले. एकाने दुसऱ्याला चहूबाजूंनी मारून टाकलं होतं! एकाच मूठभर मातीतले सख्खे शेजारी गं! म्हणून लाल दोऱ्याची बाटली एका वाफ्याला, पांढऱ्या दोऱ्याची दुसऱ्याला. चुकूनही एकत्र करू नका. आईच्या भाताचं उरलंसुरलं सगळं बी तू पेरते आहेस. ते गेलं तर पुन्हा कुठून आणणार?

चिमणरावांना नमस्कार.
तुझी,
संगिताताई

वेवजी, ४ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न. रागावू नकोस. बाटल्या आल्या तेव्हा मी तलासरीच्या बाजारात होते. यांनी त्या कणसरीपुढे ठेवल्या. धान्याच्या देवीपुढे ठेवलेलं वेगळं करायचं नाही ही आमच्या घरची रीत, म्हणून दोन्ही एका हंड्यात ओतून पालापाचोळा जाळून राब भाजलेल्या वाफ्यावर शिंपडल्या! मी ओरडले, तर म्हणाले, शेजाऱ्यांनी देवीपुढे तरी भांडू नये.

त्यात पाऊस गेला. वाफ्याला भेगा पडल्या. कडेला, जिथे हंड्यातलं पोचलं नाही, तिथली रोपं करपून झाडूच्या काड्या झाली. मधली मात्र हिरवीगार! एक उपटून पाहिलं, तर मुळाला माती चिकटलेली, आणि ओलसर. ताई, मला भीतीच वाटली गं. हर्षदाला विचार, हे काय झालं?

माया पातळ करू नकोस.
कविता

डहाणू, ११ जुलै

चि. कवे,
अ. आ. पत्र वाचून हर्षदा तडक प्रयोगशाळेत गेली. तेच दोन जिवाणू तिने कोरड्या, उपाशी मातीत ठेवून पाहिले. मारामारी नाहीच! एक चिकट आवरण करतो, त्यात ओल टिकते. दुसरा त्या आवरणाखाली राहून त्याला खाऊ पुरवतो. बशीत खाणंपिणं मुबलक होतं, तिथे मात्र जीव घेतला.

मी विचारलं, आता पाऊस आला तर? तर पुन्हा भांडतील, म्हणाली. मला दुसरा धक्का! पण भांडोत बापडे. पाऊस आला की तू लावणी उरकशील. आईचं भात तर वाचलं.

कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात थंडीत आपण दोघी एका गोधडीत झोपायचो, ते मी तिला सांगितलं. ऊब आल्यावर लाथ कोण मारायचं, ते सांगितलं नाही.

लोभ लाथेसकट असू दे.
तुझी,
ताई