शिडीच्या ओल्या दांड्या

४ नोव्हेंबर
आज सकाळी वैनगंगेत आंघोळ केली, मार्कंडेश्वराला बेल वाहिला आणि तिथूनच बसने कामावर हजर झालो. मन प्रसन्न आहे. पन्नाशीला टेकल्यावर असं पुण्याचं काम मिळेल असं वाटलं नव्हतं. जंगलाच्या कडेला कीटकनाशकांचं एक बंद गोदाम आहे. तिथलं विष जमिनीत मुरलं आणि विहिरी नासल्या. ते पाणी उपसून आम्ही टाक्यात घेतो, त्यात परसल्फेटची पांढरी पूड टाकतो. वर थोडा हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, टाकला की पूड जागी होते. इथलं काम बघणाऱ्या ज्योत्स्ना मॅडम म्हणाल्या, ती विषाचे तुकडे तुकडे करते, मागे काही उरत नाही. संध्याकाळी नाल्यात सोडलेलं पाणी काचेसारखं होतं. मी हात जोडले.

७ नोव्हेंबर
नाल्यावर एक बाई रोज मडकं घेऊन बसते. सुकरी तिचं नाव. तिचा नवरा, झाडू नावाचा, माझ्याआधी याच कामावर होता. पावसाळ्यात टाक्यात पडून मेला. त्यांच्या घरात चाल आहे. माणूस ज्या पाण्यात गेला, त्यातला एखादा जीव, मासोळी, झिंगा, काहीही, मडक्यात धरून घरी न्यायचा. त्याच्यासोबत गेलेला माणूस घरी येतो, देवांत बसतो. आमच्या पाण्यात मात्र काहीच जगत नाही. सुकरी हसून म्हणाली, "तुहं पाणी लय साफ हाये भाऊ. मच्छरबी अंडे देत नाई त्यात." खाली नदीवर जाऊन धर, असं मी सुचवलं. तर म्हणे, "तिथी काऊन जाऊ? तो तं तुह्या टाक्यात अडकला हाये."

११ नोव्हेंबर
टाक्यात उतरायला लोखंडी शिडी आहे. आज सकाळी तिच्या दांड्या पाण्याच्या बऱ्याच वरपर्यंत ओल्या होत्या. त्यावरच्या कोरड्या. कोणी अर्ध्यावर चढून थांबल्यासारखं. मॅडम म्हणाल्या, दव असेल. दव अर्ध्यावर कसं थांबेल? पूड टाकली. शिडी हादरली.

१५ नोव्हेंबर
ओल आणखी वर आली आहे. दांडीवर बोटांची खूण. पूड टाकली, आणि काहीतरी जड खाली पडलं. मग पाणी निवळ.
म्हणजे तो रोज चढतो. आणि रोज मी —
देवापुढे बसवत नाही.

१८ नोव्हेंबर
सुकरी सांगत होती, ती दाराला कडी लावत नाही. लेक सोमारी बापासाठी भात झाकून ठेवते. जिवाशिवाय त्याले बाहेर येता येत नाई, भाऊ, म्हणाली.
टाक्यात जीव नाही. पूड राहू देत नाही.
इथे एकच जीव आहे. पूड टाकणारा.

२० नोव्हेंबर
आज पूड टाकली नाही. विष नाल्यात जाऊ नये म्हणून झडप बंद केली. मार्कंडेश्वराचं नाव घेतलं आणि शिडी उतरलो. गळ्यापर्यंत. पाय कोणी — नाही, हात. घट्ट, बुडणारा धरतो तसा —

वर आलो. अंग हलकं आहे. देवाचं नाव आठवत नाही —

भूक लागून राह्यली. सोमारीनं भात ठेवला असन. कडी उघडीच असन. सुकरे, मी येऊन राह्यलो —

टाक्यातून कोनी मार्कंड्याचं नाव घेऊन राह्यलं. शिडी वाजून राह्यली. आजची पूड राह्यली वाट्टे. थांब सुकरे, तेवढी टाकून —