नव्या माणसाचा नारळ

मी, दीपमाला भिमाजी कुदळे, वय एकतीस, राहणार थेरगाव, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. सोमवारी माझ्या हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणतात, काळजी करू नका. मी करते.

१. तळवड्याला आमची छोटी कंपनी स्कूटरचे पत्र्याचे भाग बनवते. निम्मे शेअर काका हिंदुराव यांचे, निम्मे वडिलांकडून आलेले माझे. मोजमाप घ्यायला वडिलांनी मला शाळेच्या आधी कंपनीच्या शेडमध्येच शिकवले. दसऱ्याला यंत्रांपुढचा नारळ सर्वांत नव्या कामगाराने फोडायचा, ही रीतही त्यांचीच.

२. कंपन्यांचा कर कमी झाला तेव्हा काका म्हणाले, “मालकाकडं पैसा राहिला की मालक माणसं वाढवतो, पोरी.” त्या पैशातून पत्रा दाबून भाग काढणारी स्वयंचलित प्रेस आली. दसऱ्याला नवा माणूस नव्हता, म्हणून काकांनीच नारळ उचलला. पॅकिंगच्या रंभाताई म्हणाल्या, “अण्णा, नवी तर ही मशीन हाय. तिच्याच हातात द्या की.” सगळे हसले, काकाही. त्या प्रेसमुळे ऑर्डर टिकल्या आणि कोणाला काढावे लागले नाही, हेही नोंदवते.

पुढे पगारदारांचा प्राप्तिकर कमी झाला, स्कूटरवरचा जीएसटीही उतरला. मागणी वाढली, दुसरी शिफ्ट लागली, सुजित आणि पूनम आले. नारळ पूनमने फोडला, तिसऱ्या फटक्याला. एका शेडवरून देशाचे अनुमान काढू नये, हे मला कळते. माझ्या शेअरचे काय करायचे, एवढे मात्र ठरवता येते.

३. काकांचा मुलगा कुलदीप याला आणखी एक प्रेस घेऊन दुसरी शिफ्ट बंद करायची आहे. पाडव्याला काकांनीही त्याला होकार दिला. म्हणून माझे सर्व शेअर रंभाताईंना देते. त्यांच्या निम्म्या मतांशिवाय तसा ठराव होणार नाही. त्या म्हणाल्या, “मला काय कळतंय त्यातलं?”
“नाही म्हणता येतं ना?”
“ते येतंय.”

४. वडिलांचा मोजमापाचा व्हर्नियर काकांना द्यावा. त्या पाडव्यापासून मी त्यांच्याशी धरलेला अबोला या कलमाने मागे घेते. कलम तीन मागे घेत नाही.

५. दसऱ्याला नवा कामगार नसेल, तर नारळ कोणीही फोडू नये. नवा माणूस येईपर्यंत तो प्रेससमोर, काकांना रोज दिसेल असा ठेवावा.

सही: दीपमाला भिमाजी कुदळे
साक्षीदार: विजयश्री जगदाळे (आकुर्डी) आणि अर्जुनराव शितोळे (रावेत). दोघांनी माझ्यासमोर सह्या केल्या. दोघांनाही यातून काही मिळणार नाही. रंभाताईंना मिळणार, म्हणून त्यांना बाहेर चहाला बसवले होते.
थेरगाव, १८ जुलै २०२६