छेरछेऱ्यात वाटलेली बदकं

समता कॉलोनी, रायपूर
श्रावण, मंगळवार (पोस्टात पडेल तेव्हा बुधवार)

तीर्थस्वरूप गंधाली आत्या,

पायावर डोकं ठेवून नमस्कार. नागपुरात यामिनीदीदीचं बाळ आता तरी झोपू देते का? तुमचे गुडघे कसे आहेत? इकडे तुमचं घर सुखरूप आहे, तुळशीला रोज पाणी घालून राहिलो (एक दिवस चुकला, पण त्या दिवशी पाऊस आला).

आरंगकडच्या मीराकाकूंची बातमी तुम्हाले अर्धीच कळली असेल, म्हणून पूर्ण लिहितो. धान कापलं की यशवंतकाका वर्षभर ओट्यावर बसतात. काकू म्हणाल्या, एका धानावर घर किती रेटायचं? आपलं तळं आहे, बदकं पाळू. त्यांनी बदकाची अंडी आणून कोंबडीखाली ठेवली. (बदक अंड्यावर बसायचा कंटाळा करते. माझंही तसंच आहे, असं काका ओट्यावरून म्हणतात.) तितक्यात पौषातला छेरछेरा आला. त्या दिवशी दारावर लहान-मोठं कोणी येवो, धान दिल्याबिगर पाठवत नाहीत. काकू रायपूरच्या गोल बाजारात, धानाच्या कोठीची चावी त्यांच्या कमरेला, काका ओट्यावरून उठेनात, घरात पाहुणा आलेला मी एकटा, अन् अंगणात अख्खा पारा, म्हणजे सगळा मोहल्ला, टोपल्या घेऊन उभा. रिकाम्या हातानं कसं पाठवू? कोंबडीनं हात फोडला, पण मी दानधर्म सोडला नाही. सगळी अंडी वाटली.

काकूंनी येऊन कोंबडीखालची रिकामी टोपली पाहिली. "पोट्ट्या, माझा धंदाच वाटला काय रे!" एवढं बोलून खालीच बसल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. छेरछेऱ्यात दिलेलं परत मागता येत नाही. पण छेरछेरा मागायला काहून जाता येत नाही? झोळी घेऊन मीच दारोदार फिरलो. सगळ्यांनी मले मोठ्या मनानं धान दिलं. झोळी उचलवेना, अंडं मात्र एक नाही. शेवटी शेजारच्या शांताबाईंच्या दारात खरं सांगून टाकलं. त्या पोट धरून हसल्या. "हव भैया, बदक का अंडा हम नइ पहचानेंगे का? कब का मुर्गी के नीचे बैठा दिए!" घरोघरी तेच झालं होतं. माझा जीव भांड्यात पडला.

पिल्लं ज्यांची त्यांची झाली. पण पाऱ्यात तळं एकच, ते काकूंचं. आता तळ्याचं भाडं म्हणून घरोघरून काकूंकडे अंडी येऊन राहिली. दाणा लोकांचा, राखण लोकांची. काकाही ओट्यावरून उठले (आता तळ्यावर बसतात). काकू हसतात, मले दुसऱ्यांदा भात वाढतात.

बाकी सर्व ठीक.

तुमचा भटका भाचा,
विहंग

ता.क. : अंडी शहरात विकायचं काम माझ्याकडे आहे. तुमचा फ्रिज मोकळाच होता. देवाचं लोणी वरच्या कप्प्यात हलवलं, सोवळं मोडलं नाही. तुमची परवानगी पाहिजे.

ता.क. २ : नसेल तर लवकर कळवा. गेटवर पाटी लागली आहे.

ता.क. ३ : तुमच्या भजनी मंडळाच्या अध्यक्षीणबाई मागच्या दारानं येऊन गेल्या. श्रावण संपेपर्यंत थोडी अंडी बाजूला ठेव म्हणाल्या, अन् आत्याले सांगू नको. तरी मी सांगितलं, हे त्यांना सांगू नका.