वीस मिनिटं प्रकट वाचन

२८ एप्रिल

विहीणबाईंस,
सा. न. वि. वि.

नात पोचली. तुमचा मुलगा तिला दारात सोडून पाणीसुद्धा न पिता परत पळाला, रस्त्याच्या मोजणीचं काम अडलंय म्हणे. माझ्या लेकीची हॉस्पिटलात डबल ड्यूटी. त्यामुळे सहा आठवडे भिंगरी माझी. तिच्यासोबत एक पिशवी कपडे, एक चेंडू आणि तुम्ही शाळेसाठी लिहिलेली तेरा पानांची पुस्तिका आली. 'सहावीत जाणाऱ्या मुलांच्या कुटुंबांसाठी उन्हाळ्याची व येत्या वर्षाची पूर्वतयारी.' नाव वाचून संपेपर्यंत माझा चहा निवला.

चौथी शिकलेली बाई मी, गावच्या शाळेतली, पण छापलेलं अक्षर सोडत नाही. पान तीनवर म्हणता, घरात एक शांत कोपरा असावा. माझं घर म्हणजे पुढे शिवणाची खोली आणि मागे चूल. त्यात शाळा उघडायच्या आधीचे हे दिवस, युनिफॉर्मवाल्या आयांची दारापर्यंत रांग. शांत कोपरा एकच, कापायच्या टेबलाखाली. तिथे मांजर असतं, त्याला विचारून सांगते. पान सातवर म्हणता, मुलांच्या कंटाळ्याचंही नियोजन करावं. वा! आमचे हे असते तर त्यांना दाखवलं असतं. त्यांनी जन्मभर कंटाळा केला, पण बिननियोजनाचा, म्हणून सगळा वाया गेला.

पान नऊवर मात्र हसू थांबलं. सहावीच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येकाने वर्गासमोर उभं राहून मोठ्याने वाचायचं, आणि जे अडखळतील त्यांनी वर्षभर वेगळ्या खोलीत बसायचं. भिंगरी पाचवीत एकदा वाचताना अडकली, वर्ग हसला, आणि तेव्हापासून वाच म्हटलं की तिचा घसा दुखतो. हे तुम्हालाही ठाऊक आहे. तेरा पानांत पेन्सिलीला टोक कधी करावं हे आहे, हसणाऱ्या वर्गाचं काय करावं हे नाही. ते पान छापायचं राहिलं का?

व्याह्यांना नमस्कार. लोभ कमी करू नका, थट्टा मी कमी करणार नाही.

तुमची,
शिवणवाली विहीण


५ मे

श्रीमती विहीणबाई यांस,
स. न. वि. वि.

आपलं पत्र मिळालं. त्यात सात ठिकाणी थट्टा आहे आणि एका ठिकाणी मुद्दा. मुद्द्याचं उत्तर देते.

एकतीस वर्षं मी शाळा चालवली. हसणारा वर्ग बंद करता येत नाही, वाचणारं मूल तयार करता येतं. त्यासाठीच रोज वीस मिनिटं प्रकट वाचन आणि पान अकरावरच्या तक्त्यात घरातल्या मोठ्यांची सही. पुस्तकांची यादी सोबत आहे. किती मिनिटं झाली आणि किती ठिकाणी अडखळली ते कळवत जावं. फोन करू नये. मागच्या वेळी मी वाचनाचं महत्त्व सांगत होते तेव्हा आपण मशीन सुरू केलंत आणि दहा मिनिटं मला नुसती खटखट ऐकू आली. पत्रावर मशीन चालवता येत नाही.

नात माझीही आहे. मागच्या सुट्टीत माझ्याकडे होती तेव्हा पुस्तक समोर धरलं की भिंतीकडे बघत बसायची. मी रागावले नाही, पण वाट बघणं मला जमत नाही, हे कबूल करते. आपल्याला जमेल असं सुनेचं म्हणणं. बघू.

ह्यांचा नमस्कार. पुस्तिका मांजरापासून दूर ठेवावी. स्नेह आहेच, तो शिस्तीत राहावा.

आपली,
मुख्याध्यापिका (निवृत्त)


१४ मे

विहीणबाईंस,
सा. न. वि. वि.

निवृत्त हे कंसात लिहिता ते बरं करता, एरवी कळलं नसतं.

अहवाल घ्या. वीस कसली, कधी चाळीस मिनिटं वाचन होतं. पहिल्या दिवशी बावीस ठिकाणी अडकली, काल तीन. महत्त्व या शब्दाला अजून ठेच लागते. पण मशीनच्या आवाजात अडकलेलं कुणाला कळत नाही, आणि आयांना ऐकायची एवढी गोडी लागलीय की माप देऊन झालं तरी हलत नाहीत. एकीला मुलीचा स्कर्ट तीन वर्षं पुरेल असा हवा होता, मी म्हटलं मग सरळ पडदाच शिवते, तर तिचं लक्षच नाही, कान सगळा भिंगरीकडे. नव्या आया आल्या की पोरगी पुन्हा पहिल्यापासून वाचते, तेही आवाज काढून, नाक वर करून.

काय वाचते ते विचारू नका, तुमच्या यादीतलं नाही. लिहिणाऱ्या बाई फार शिस्तीच्या, प्रत्येक वाक्य इस्त्री करून ठेवलेलं. त्यातली एक खडूस म्हातारी तर काय झकास उतरलीय. नवा मजकूर पोस्टाने येतो, त्याची सगळी खोली वाट बघते.

सह्या मी सगळ्या चौकोनांत एकदमच करून टाकल्या, सीझनमध्ये रोज पेन कुठे शोधू? रागवा आता. राग उतरला की लोभाचं आठवू द्या.

तुमची,
शिवणवाली विहीण


२१ मे

श्रीमती विहीणबाई यांस,
स. न. वि. वि.

अहवाल वाचला. यादी बाजूला सारून कुठल्याशा मासिकातली करमणूक नातीला देता आणि त्यातली म्हातारी आपल्याला झकास वाटते, याचं नवल वाटलं नाही. तोच मजकूर रोज म्हटला की तो पाठ होतो. त्याला वाचन म्हणत नाहीत. न झालेल्या दिवसांच्या सह्यांबद्दल तर मी बोलतच नाही.

म्हणून मी एक निर्णय घेतला आहे. नातीला आणखी एक वर्ष पाचवीतच ठेवावं. शाळेत माझ्या जागी आलेले मुख्याध्यापक माझे जुने विद्यार्थी. तसा अर्ज मी त्यांच्याकडे दिला आहे, दहा जूनला नोंद होईल. मुलाने दोन फोनच्या मधल्या वेळात हो म्हटलं. सुनेची ड्यूटी संपली की तिलाही सांगेन.

मुलगी मठ्ठ आहे असं मी बाहेर कुणाजवळ म्हणणार नाही. पण एकतीस वर्षांत अशी मुलं मी पाहिली आहेत. त्यांची चाल गोगलगायीची असते आणि ती बदलत नाही. आमच्या घराण्यात असं कुणी नव्हतं. वेगळ्या खोलीत बसून वर्षभर मान खाली घालण्यापेक्षा एकदाच मागे राहिलेलं बरं. हे मी तिच्या मायेपोटीच लिहिते आहे.

यातलं काहीही तिला कळू देऊ नये. वेळ आली की मी माझ्या पद्धतीने सांगेन.

स्नेह आहे, तो निर्णयाआड येऊ नये.

आपली,
मुख्याध्यापिका (निवृत्त)


२५ मे

विहीणबाई,

आज नमस्कार नाही.

तुमचं पत्र काल भर दुपारी आलं. खोलीत सहा आया. पोस्टमनही थांबला, कारण तोही ऐकायला थांबतो. मासिक-बिसिक काही नव्हतं ते. तुमचं पाच तारखेचं पत्रच ती रोज वाचत होती. माझे हात कापडात अडकलेले, म्हणून पहिल्या दिवशी म्हटलं, तूच वाच गं, आणि ती वाचायला लागली. कित्येक महिन्यांनी पोरीच्या तोंडून मोठ्याने शब्द निघाला तो तुमच्या पत्रामुळे. खडूस म्हातारी तुम्ही.

काल नवं पत्र आलं म्हणून सगळ्या सरसावून बसल्या. मीच हौसेने मशीन बंद केलं, म्हटलं आज नीट ऐकू.

तिने वाचलं. पाठ नसलेलं, पहिल्यांदाच हातात घेतलेलं. मठ्ठ वाचलं, गोगलगाय वाचली, तुमच्या घराण्यात असं कुणी नव्हतं हेही वाचलं. मी उठून हिसकावून घ्यायला हवं होतं. पण मांडीवर कुणाचा तरी अर्धा सदरा, त्यात टाचण्या, आणि खरं सांगते, मला सुधरलंच नाही. यातलं काहीही तिला कळू देऊ नये, हे तिने वाचलं. तुमची सही वाचली, कंसासकट. तुम्हाला अहवाल हवा असतो ना? लिहून घ्या. अडखळणं शून्य.

मग पत्राची होती तशी घडी घातली, माझ्या कात्रीखाली ठेवली, बटणं लावायची राहिलीत का म्हणून विचारलं आणि टेबलाखाली जाऊन बसली. मांजर उठून बाहेर आलं.

तेव्हापासून तिचा घसा दुखतोय.

निम्मा दोष माझा. तुमची टर उडवायची मला हौस, ती मी पोरीच्या तोंडून भागवली. नाक वर करून तुमचा आवाज काढायला मीच शिकवलं. त्याला काय शिक्षा असेल ती कळवा, तुमच्याकडे पान असेलच. पण तो अर्ज मागे घ्या. तिला वाचता येतं हे सात माणसांनी कानांनी ऐकलंय, आणि ती थांबलीय ती तुमच्यामाझ्यामुळे. कुणाला पाचवीत ठेवायचंच असेल तर आपल्या दोघींना ठेवा, एका बाकावर.

लेकीला मी अजून बोलले नाही. आठवडाभर वाट बघते. मला जमतं ते.

लोभाचं नंतर बघू.

तिची आजी


४ जून

श्रीमती विहीणबाई यांस,
स. न. वि. वि.

इतके दिवस उत्तर दिलं नाही, कारण लिहिता आलं नाही. हे वाचून आपल्याला आनंद झाला तर तो घ्यावा.

सुनेला मीच सांगितलं. ती काय बोलली ते लिहीत नाही. बरोबर बोलली.

मुख्याध्यापकांकडे जाऊन अर्ज परत मागितला. ते उठून उभे राहिले आणि फार अदबीने म्हणाले की बाई, दिलेला कागद तोंडी परत मिळत नाही, लेखी कारण द्यावं लागतं, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत. टेबलाच्या अलीकडे एक बुटकी खुर्ची आहे. एकतीस वर्षं मी पालकांना तिच्यावर बसवलं. ती इतकी बुटकी आहे हे मला माहीत नव्हतं. तिच्यावर बसून लिहिलं की परिस्थिती बदलल्यामुळे. फाडलं. मग लिहिलं की गैरसमजामुळे. तेही फाडलं. तिसऱ्यांदा लिहिलं त्याची नक्कल देते:

मा. मुख्याध्यापक यांस,
माझ्या नातीला पाचवीतच ठेवावं असा अर्ज मी दिला होता. तो मागे घेत आहे. कारण, माझा अंदाज चुकला. तिचं वाचन न ऐकता मी मत दिलं. ज्यांनी ऐकलं त्यांचं मत वेगळं आहे. तिला सहावीत बसवावं.
अर्जदार, मुलीची आजी

शिक्का बसला आहे.

एक विनंती. हे पत्र नातीने वाचावं. खोलीत जास्तीत जास्त माणसं असतील तेव्हा, मशीन बंद ठेवून. तिची इच्छा नसेल तर आग्रह नको. मग आपण वाचावं, नाक वर केलंत तरी चालेल.

स्नेहाचं, आपण म्हणता तसं, नंतर बघू. पण बघू जरूर.

आपली,
नातीची दुसरी आजी


१० जून

विहीणबाईंस,
सा. न. वि. वि.

आधी कामाचं. भिंगरीचा सहावीचा युनिफॉर्म शिवून झाला, शनिवारी लेक येऊन तिला घेऊन जाईल. पहिल्या आठवड्यात वर्गासमोर काय होईल ते मी लिहून देत नाही, तुम्हीही देऊ नका. वर्ग हसेलही. आपण दोघी मिळून एका वर्गाला पुरे पडणार नाही, एवढं आता कळलंय.

तुमचं पत्र सोमवारी आलं. मी वाचलं आणि टेबलावर ठेवून दिलं. मंगळवारी तिने स्वतःच घेतलं, मनात वाचलं, परत ठेवलं. काल सकाळी विचारत होती की आज गर्दी किती होईल. मी म्हटलं शाळा उघडायला चार दिवस राहिलेत, पाय ठेवायला जागा नसेल. तर म्हणाली चालेल.

दुपारी खुर्ची ओढली, तिच्यावर चढली आणि मला मशीन बंद करायला लावलं. सुरुवातीला आवाज असा की तोंडात कापूस आहे. बुटक्या खुर्चीपाशी आली आणि मोकळी झाली. तिथे एक आई फिसकन हसली, तर भिंगरीने तिच्याकडे असं काही बघितलं की बाई गप्पच. आमच्या घराण्यात असं कुणी नव्हतं, तेव्हा हे कुठून आलं ते तुमचं तुम्ही समजा.

मग अर्ज आला. माझा अंदाज चुकला, एवढं वाचलं आणि थांबली. मागे गेली, पुन्हा वाचलं. पुन्हा थांबली. तिसऱ्यांदा तेच, चौथ्यांदा तेच.  आया माझ्याकडे बघायला लागल्या. म्हटलं गेलं, सगळं केलेलं उसवलं. उठले, तिच्या पाठीवर हात ठेवला आणि हळूच विचारलं की घसा दुखतोय का, राहू द्यायचं का.

तर खाली वाकून माझ्या कानात म्हणते की आजी, मी अडकले नाहीये, मला ते वाक्य आवडलंय. आणि पाचव्यांदा वाचून पुढे गेली.

लोभ आहे, तुम्हाला हवा असो वा नसो.

तुमची,
शिवणवाली विहीण