व्हर्ना हॉस्टेटर कुठे झोपते?

लोअर किंडल टाऊनशिप, पेनसिल्व्हेनिया
२ फेब्रुवारी १९९४

चि. आर्लीन हीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र काल मिळालं. पाकिटावर तू पुन्हा ‘अप्पर किंडल’ असंच लिहिलं आहेस. आपल्या टाऊनशिपला स्वतःचं पोस्ट नाही आणि आपली पत्रं अप्परच्या पोस्टातून येतात, हे मला ठाऊक आहे. पण सख्ख्या बहिणीने खाली बारीक अक्षरात ‘लोअर’ लिहिलं तर तिचं काय जातं? पोस्टमन पाकीट वाचतो. त्यालाही आठवण राहायला हवी.

इकडची बातमी अशी की जिल्ह्याची पुस्तिका निघते आहे आणि प्रत्येक टाऊनशिपने आपलं शब्दचित्र चार पानांत लिहून द्यायचं आहे. आपलं लिहिण्याचं काम मंडळाने माझ्या गळ्यात घातलं. मंडळात आम्ही पाच जण, नोव्हेंबरात निवडून आल्यापासून मी एकटी बाई. अध्यक्ष ड्वाइट फार्नम गोड आवाजात म्हणाला की मिसेस हॉस्टेटरना लिहिण्याची हौस आहे. त्याला वाटतं, बाई चार पानांत गुंतली की अग्निशमन दलाचा फायर हॉल विसरेल. मी विसरणार नाही. त्याला तो हॉल विकायचा आहे, तिथे म्हणे लोकांच्या अडगळीसाठी भाड्याची गोदामं होणार. आठ मार्चला मतदान आहे. तीन विरुद्ध दोन असा हॉल वाचतो, आणि तिसरं मत माझं आहे.

लिहायला बसले तर पहिल्याच ओळीवर अडले. आपल्या गावाला चौक नाही, बाजारपेठ नाही, स्टेशन नाही, पोस्ट तर नाहीच. आहेत ते वळणं घेत पुन्हा स्वतःकडेच येणारे रस्ते, आणि शेजाऱ्याचं गवत बोटभर वाढलं तर पत्र पाठवणारे लोक. सगळे एका छपराखाली येतात ते फक्त लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासांच्या, शुक्रवारी, फायर हॉलमध्ये, तळलेले मासे खायला. माझा क्लेटन एकोणीस वर्षं त्या दलाचा प्रमुख होता, म्हणून नाही म्हणत मी. खरंच दुसरं काही नाही.

आणखी एक. अप्परवाल्यांनी त्यांच्या चार पानांत ओढ्याकाठचा मोठा सायकमोर वृक्ष आपला म्हणून लिहिला आहे. चोराच्या उलट्या बोंबा! मी जिल्ह्याकडून मोजणीदार मागवला आहे. हद्दीचा जुना दगड शोधून काढा, म्हटलं, आणि एकदाचा सोक्षमोक्ष लावा.

मर्लला आशीर्वाद. तिकडच्या उन्हात तुझी माया वाळून जाऊ देऊ नकोस.

तुझी ताई,
व्हर्ना

—

टूसॉन, ॲरिझोना
९ फेब्रुवारी १९९४

ती. व्हर्नाताईस,
सा. न. वि. वि.

पाकीट पाहिलंस ना? या वेळी ‘लोअर’ इतकं मोठं लिहिलं आहे की तिकिटाला जागा उरली नाही. पोस्टातली बाई विचारत होती की हे गाव खूप महत्त्वाचं आहे का. मी म्हटलं, तिथल्या एका बाईच्या मते आहे.

मोजणीदार कशाला बोलावलास, ताई? एका झाडासाठी? तुझी सवय काही जात नाही. लहानपणी माझा अर्धा केक तुझ्यापेक्षा मोठा आहे म्हणून तू पट्टी आणली होतीस, आणि मोजल्यावर तुझाच मोठा निघाला होता. तेव्हा तुला कापून द्यावा लागला, ते आठवतं ना?

मर्ल रोज गोल्फ खेळतो आणि रोज चेंडू निवडुंगात घालतो. मी बरी आहे. तू नीट जेवतेस का, नीट झोपतेस का, ते कळव. लोकांना सांगतेस ते नको, खरं कळव.

धाकटीवर जसा राग धरतेस तशीच मायाही धरून ठेव.

तुझी,
आर्लीन

—

लोअर किंडल
१८ फेब्रुवारी १९९४

चि. आर्लीन हीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

हसायचं असेल तर पुढे वाचण्याआधी हसून घे.

मोजणीदार एक तरुण मुलगी निघाली. दोन दिवस चिखलात फिरली आणि दगड तिने शोधला. सायकमोर आपला आहे, शंभर टक्के आपला. मी तिला कॉफी दिली, ॲपल पाय दिला. मग तिने नकाशा स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरला आणि जरा चाचरत सांगितलं की हीच रेघ पुढे नेली तर ती माझ्या घरातून जाते.

शेगडी लोअरमध्ये आहे. फ्रीज अप्परमध्ये. म्हणजे छत्तीस वर्षं मी कॉफीत घालायचं दूध परगावाहून आणते आहे. पुढची बैठकीची खोली आणि काचेची पडवी आपल्याकडे. मागची निजायची खोली मात्र पूर्ण अप्परमध्ये, पलंगासकट.

मी तिला म्हटलं की हे आपल्या दोघींतच राहू दे. ती म्हणाली, नकाशा सकाळीच मंडळाच्या कचेरीत दिला. मागवणाऱ्याने लेखी मागितला होता. मागवणारी मीच.

ड्वाइट फार्नमला आनंद लपवता येत नाही, त्याचे कान लाल होतात. टाऊनशिपच्या वकिलाने पुस्तक उघडून दाखवलं की घर हद्दीवर असलं तर माणूस जिथे झोपतो तिथला रहिवासी. आणि मंडळावर बसायचं तर निवडणुकीआधीचं अख्खं वर्ष इथला रहिवासी असावं लागतं. म्हणजे आता मी फायर हॉलच्या पायरीवर जाऊन झोपले तरी उपयोग नाही, गेलं वर्ष मी कुठे झोपले ते धरणार. आठ तारखेला मतदानाआधी हाच विषय घेणार आहेत. मी अप्परची ठरले तर माझी जागा गेली, आणि जागा गेली की हॉल गेला.

चाळीस वर्षं मी अप्परवाल्यांना नावं ठेवली. आता पोस्टमन माझ्याकडे बघून हसतो.

दुसऱ्यासाठी खड्डा खणायला मीच फावडं मागवलं, हे तू म्हणण्याआधी मीच म्हणते. माझ्यावरचं प्रेम एवढ्यावरून कमी करू नये.

तुझी ताई,
व्हर्ना

—

टूसॉन
२४ फेब्रुवारी १९९४

ती. व्हर्नाताईस,
सा. न. वि. वि.

हसले. मर्लही हसला. फ्रीजपाशी तर त्याला ठसका लागला. आता हसून झालं, म्हणून खरं लिहिते.

ताई, तू त्या खोलीत झोपत नाहीस. क्लेटन गेला त्या जानेवारीपासून नाही. मी तीनही वर्षं थँक्सगिव्हिंगला आले आणि तीनही वर्षं सकाळी कॉफी करायला उठले तेव्हा तू पडवीतल्या आरामखुर्चीत होतीस, अंगावर त्याचा आग विझवायचा जाड कोट. मी दर वेळी मुद्दाम कपबश्या वाजवायची, म्हणजे तुला उठून कोट लपवायला वेळ मिळेल. मागच्या खोलीतली चादर तर अशी ताठ, जशी दुकानात दाखवायला ठेवतात.

पडवी लोअरमध्ये आहे. तू तुझ्याच पत्रात लिहिलं आहेस. तेव्हा उभी राहा आणि सांग की मी इथे झोपते. दोन वाक्यांचं काम आहे.

राग येईल हे माहीत आहे. राग ओसरला की जी माया उरेल ती माझ्या नावाने ठेव.

तुझी,
आर्लीन

—

लोअर किंडल
२८ फेब्रुवारी १९९४

आर्लीन हीस, आशीर्वाद.

कपबश्यांचं तू मला तीन वर्षं सांगितलं नाहीस, आणि आता कागदावर लिहून पाठवतेस.

क्लेटनच्या दफनानंतर एक महिना माझ्या दारात नूडल्सची भांडी येत होती. प्रत्येक भांड्याबरोबर एक बाई, आणि प्रत्येक बाई मान वाकडी करून विचारायची की झोप लागते ना. मी प्रत्येकीला सांगितलं, आठ तास लागते. मिसेस श्वेंकने सांगितलं की तिला तिचा हॅरॉल्ड गेल्यावर पंधरा दिवसांत लागायला लागली. मी म्हटलं, मला दहा. निवडणुकीत मी घरोघरी फिरले तेव्हा लोक म्हणाले की व्हर्ना खंबीर आहे. त्या शब्दावर मला मतं मिळाली. आता भर सभेत, ड्वाइट फार्नमच्या लाल कानांसमोर सांगू की मी नवऱ्याचा कोट पांघरून खुर्चीत बसून झोपते?

हॉल गेला तर जाऊ दे. हा विषय पुन्हा काढू नकोस.

व्हर्ना

—

टूसॉन
३ मार्च १९९४

ती. व्हर्नाताईस,
सा. न. वि. वि.

विषय काढत नाही. सोबत एक बंद पाकीट आहे, मंडळाच्या अध्यक्षांच्या नावाचं. त्यात मी पाहिलं ते लिहिलं आहे, शपथेवर, नोटरीच्या शिक्क्यासह. सभेत आलेलं पत्र मोठ्याने वाचावं लागतं हा तुमचाच नियम, आणि तोही तूच भांडून करून घेतलेला. पाठवायचं होतं तर सरळ त्याला पाठवता आलं असतं. तुझ्या हातात दिलं आहे. द्यायचं की फाडायचं ते तू ठरव.

मला एवढंच वाटतं की क्लेटनचा हॉल गेला आणि त्याचं कारण तुला मला कधी फोनवरही सांगता आलं नाही, असं होऊ नये. मला ते सोसणार नाही, ताई.

रागातसुद्धा तू आशीर्वादापुरती माझीच असतेस, ते तसंच राहू दे.

तुझी,
आर्लीन

—

लोअर किंडल
१४ मार्च १९९४

चि. आर्लीन हीस,
अनेक आशीर्वाद, आणि मागच्या पत्रात कमी पडले ते धरून. वि. वि.

सभेला एवढी माणसं कधी आली नव्हती. गटाराच्या विषयाला सहा येतात. त्या दिवशी खुर्च्या कमी पडल्या म्हणून सभा फायर हॉलमध्येच घ्यावी लागली, आणि शुक्रवारच्या माशांचा वास अजून भिंतींना होता. अप्परवालेही सात-आठ आले होते. त्यांच्यातला एक पुढच्याला म्हणत होता की बाई आमच्याकडे आली तर आम्ही दुसरीकडे जाऊ.

ड्वाइटने नकाशा टांगला. वकिलाने कलम वाचलं. मग ड्वाइट म्हणाला की मिसेस हॉस्टेटरना काही सांगायचं असेल तर नियमाप्रमाणे तीन मिनिटं आहेत. मी पर्समधून तुझं पाकीट काढलं, चष्मा लावला आणि त्याला देण्यासाठी उठले. उठल्यावर मनात आलं की शब्द तुझे, शिक्का नोटरीचा, आणि वाचणार ड्वाइट, तो ‘कोट’ शब्दाशी मुद्दाम थांबणार. माझं दुःख त्याच्या तोंडून ऐकायचं? पाकीट परत आत टाकलं.

मी म्हटलं, “क्लेटन गेल्यापासून मी आमच्या पलंगावर झोपलेले नाही. पडवीत खुर्चीत झोपते, लोअर किंडलमध्ये. आठ तास वगैरे सगळं मी खोटं सांगितलं.”

मग खाली बसले. अडीच मिनिटं उरली होती. आर्लीन, मला इतकी लाज कधी वाटली नाही. दारापर्यंत किती पावलं आहेत ते मोजत होते.

तेवढ्यात मिसेस श्वेंक उभी राहिली. ती म्हणाली की व्हर्नाचं तिला माहीत नाही, पण ती स्वतः अकरा वर्षं सोफ्यावर झोपते. हॅरॉल्डच्या बाजूची उशी उचलवत नाही आणि बघवतही नाही. पंधरा दिवसांचं तिने उगाच ठोकून दिलं होतं, कारण तिलाही कोणीतरी तसंच सांगितलं होतं. मग मागून हार्डवेअरच्या दुकानाचा म्हातारा म्हणाला की तो स्वयंपाकघरातल्या बाकावर. मग आणखी एक. एक बाई मुलाच्या खोलीत झोपते, मुलगा सैन्यात गेल्यापासून. अप्परचाही एक उठला. त्याला सांगावं लागलं की तुझा रहिवास इथे मोजत नाही, तरी तो सांगूनच बसला.

शेवटी ड्वाइट. कागदांकडे बघत, खालच्या आवाजात म्हणाला की त्याची बायको ओहायोला निघून गेल्यापासून तो तळघरात टीव्हीसमोर झोपतो. लगेच सचिवबाईंना म्हणाला की हे लिहू नका. त्यांनी लिहिलं होतं. त्यांचा हात फार जलद आहे. त्याचे कान लाल झाले, पण मला या वेळी त्यांची गंमत वाटली नाही.

वकिलाने सांगितलं की भर सभेतलं सांगणं पुरेसं आहे, बाई लोअरच्या. हॉलचं मतदान झालं. तीन विरुद्ध दोन, हॉल राहिला. ड्वाइटने विकण्याच्याच बाजूने मत दिलं. तळघर वेगळं आणि मत वेगळं. मला ते बरंच वाटलं. त्याने दया दाखवली असती तर मी काय केलं असतं?

घोळ पुढेच होता. बाहेर पडताना वकिलाने मला बाजूला घेतलं आणि बजावलं की मंडळावरची मुदत सहा वर्षांची आहे आणि तोवर मागच्या खोलीत झोपू नका, झोपलात की अप्परच्या झालात. म्हणजे मन घट्ट करून आज पलंगावर जायचं म्हटलं तरी कायदा आड येतो. सहा वर्षं खुर्चीत झोपायचं तर माझ्या पाठीचं काय होईल? हे मी त्याला जरा मोठ्यानेच विचारलं असावं.

कारण शनिवारी सकाळी दारात आगीचा बंब. क्लेटनची माणसं, सहा जण, पाने आणि हातोडे घेऊन. आग कुठे लागली म्हणून समोरचे सगळे अंगणात आले. त्यांनी मला विचारलंही नाही. मागच्या खोलीतला पलंग खोलला, तुकडे स्वयंपाकघरातून नेले, हद्दीच्या रेघेवर एकाने दुसऱ्याला परवाना विचारला, आणि काचेच्या पडवीत पुन्हा जोडून दिला. खुर्ची नेली मागे. गादी टाकताना सगळ्यात म्हाताऱ्याने क्लेटनची बाजू कोणती ते विचारलं. मी खिडकीकडची म्हटलं. त्याने उशी तिकडे नीट थोपटून ठेवली आणि सगळे अंडी खायला बसले.

शब्दचित्राची चार पानं मी फाडली. नव्याने लिहिते आहे. सायकमोर एका ओळीत आटोपला.

आणि तू विचारलं होतंस, नीट झोपतेस का ते खरं कळव. तर खरं असं. शनिवारी मी त्याचा कोट त्याच्या बाजूला ठेवला, माझ्या कडेला अंग चोरून आडवी झाले आणि ठरवलं की त्याच्या अर्ध्यात जायचं नाही. सकाळी उन्हाने जाग आली. साडेआठ वाजले होते, कोट खाली पडला होता, आणि मी पलंगाच्या मधोमध हातपाय पसरून झोपले होते. थोडं रडले. मग पुन्हा झोपले.

तुझं बंद पाकीट अजून पर्समध्ये आहे, आणि तुझी माया त्याहून आत. दोन्ही परत मागू नकोस.

तुझी ताई,
व्हर्ना