मिनिटाले बावीस फुलं

२२ सप्टेंबर
घट बसले अन् मी कामाले लागली. भातकुलीहून थेट अकोल्यात, उंदरांच्या प्रयोगशाळेत. बाबा कुरकुरले, फुलांच्या घरची पोर उंदरांत काहून चालली म्हणून. आई गेल्यापासून हार गुंफणारी घरात मी एकटीच. दिवाळीच्या हारांले येते, असं कबूल करून निघाली. काम मजेचं आहे. पांढरा उंदीर काचेच्या फटीतून पंजा काढतो, बोटांनी गोळी धरतो, तोंडात टाकतो. मी मोजते. वीसपैकी अठरा.

२६ सप्टेंबर
प्रयोगशाळेच्या मुख्य साधना मॅडमनी त्या उंदराची पंज्याकडं जाणारी मानेजवळची नस कापली. आता पंजा बाहेर येतो, पण बोटं मिटतच नाहीत. गोळी घरंगळते. चांगला पंजा वापरू नये म्हणून त्याले पट्टी बांधलेली. आज तर तो बधिर पंज्याची स्वतःची बोटं कुरतडून खात होता, शेंगदाणे खावे तसा. त्याले दुखत नाही म्हणे. शी. मी डबा तसाच परत नेला.

१ ऑक्टोबर
खंडेनवमी. यंत्रांची पूजा, म्हणून बाबांनी एसटीनं घरचा झेंडू पाठवला अन् मी प्रयोगशाळेतच हार गुंफला. मॅडम बघतच राहिल्या. कॅमेरा लावला, घड्याळ लावलं. मिनिटाले बावीस फुलं! मी फुशारून गेली. झाडझूड करणाऱ्या मनकर्णाबाईच्या उजव्या हातात सदा मोजा. ती कानाशी म्हणाली, "तुये बोटं मॅडमले दाखवाची नव्हती पोरी." जळते मेली, असं वाटलं मले. मग मॅडमनी मले मानेत इंजेक्शन दिलं. इथं सगळ्यांलेच देतात म्हणे.

५ ऑक्टोबर
सुई धरता येऊन नाही राहिली. उजवा हात बधिर. मॅडमनी पुन्हा कॅमेरा लावला. चार फुलं. आकडा लिहिताना मॅडम खूश दिसली. तिच्या हसण्याची किळस आली मले.

६ ऑक्टोबर
मनकर्णाबाईनं मोजा काढला. दोनच बोटं. बाकीची थोटकं, अन् त्यांवर दातांचे वण. तिच्याच दातांचे. खाताना कळत नाही, म्हणाली. मी मोरीत ओकली.

७ ऑक्टोबर
शेवटची मोजणी, मग उतारा देतो, म्हणाल्या मॅडम. डाव्या हाताले पट्टी बांधली. बोटं झाकली त्यात— मनकर्णाबाईनं पेन उजव्या तळव्याले हाराच्या दोऱ्यानं बांधून दिलं, म्हणून हे—

दुपार. डबा उघडलाच नाही. तरी भूक नाही—

तोंडात खारट. दातात काहीतरी अडकलं. कडक. नखासारखं—

दुखत तर काहीच नाही—

वहीवर ओलं. लाल. बोटं मोजून बघते—

एक. दोन. ति