कानाचं काम

३ नोव्हेंबर
आजपासून रोजनिशी. कंपनीत ऐतिहासिक काळ सुरू होतोय आणि त्याच्या मधोमध मी आहे. उद्या कुणी विचारलं तर तारीखवार सांगता आलं पाहिजे.

मॅनेजरसाहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. बसायला खुर्ची दिली. सव्वीस वर्षांत दुसऱ्यांदा. पहिल्यांदा दिली ती युनियनचा राजीनामा लिहून घेताना.

एआय सिस्टीम येतेय म्हणाले. आमच्याकडे ट्रकचे ब्रेक ड्रम होतात. ड्रम साखळीला टांगून येतो, मी हातोडी मारतो. चांगला असला तर टण्ण करून आवाज रेंगाळतो. आत तडा असला तर थड् करून बसतो. तडा डोळ्याला दिसत नाही, कानाला दिसतो. आता ठोका मशीन मारणार, माइक ऐकणार. पण चांगला कुठला नि तडकलेला कुठला, हे मशीनला शिकवणार कोण? मीच, नसीर मुलाणी. अख्ख्या नवलाख उंबऱ्याच्या एमआयडीसीत असा कान दुसरा नाही.

संकल्प: सगळं शिकवायचं नाही. ऐंशी टक्केच.

४ नोव्हेंबर
पुण्याहून तेजल मॅडम आल्या. इंजिनिअर. वय सत्तावीस. मला 'सर' म्हणतात.

समोर दोन बटणं. हिरवं ओके, लाल रिजेक्ट. मी ऐकून दाबायचं, मशीन बघून शिकणार.

अमृत दिवसभर मागे घुटमळत होता. जवळच्या आंबी गावचा आहे, शेती सांभाळून लाइनवर येतो. त्याचं म्हणणं, भाऊ, तुमीच तुमच्या जागंवर दुसरा बसवताय. त्याला समजावलं की विद्यार्थी शिकला म्हणून मास्तर बेकार होत नाही. तर म्हणे, आमच्या शाळंतली पोरं सरली आन् मास्तर बी गेले, आता तितं कडबा ठेवत्यात. उदाहरण मुद्द्याला धरून नव्हतं.

१९ नोव्हेंबर
आमच्या मुलीचा, आयराचा डिप्लोमा होऊन पाच महिने झाले. तीन इंटरव्ह्यू दिले. तिन्हींत समोर माणूसच नव्हता, स्क्रीनच प्रश्न विचारत होती आणि स्क्रीननेच नापास केलं. तिच्या वर्गातल्या मुली म्हणे कसले कसले ऑनलाइन कोर्स करतायत. पहिला संपेपर्यंत तो जुना होतो.

शेवटी करिअर प्लॅनिंग मीच हातात घेतलं. पुठ्ठ्यावर मार्करने लिहिलं. पहिलं वर्ष, माझी असिस्टंट. तिसरं वर्ष, इन्स्पेक्टर, पर्मनंट. दहावं वर्ष, क्वालिटी हेड. कान रक्तातून येतो, तो एआयला येणार नाही. पुठ्ठा हॉलच्या भिंतीला लावला.

अमिना स्वयंपाकघरातून काहीतरी म्हणाली. हल्ली ती फार हळू बोलते. लग्नानंतर पंधरा-वीस वर्षं केवढा आवाज होता. माणूस निवळतं.

कुकरची शिट्टी पुन्हा बिघडली. ही तिसरी. भात लागला.

८ डिसेंबर
कंपनीत वार्षिक मेडिकल. काचेच्या खोक्यात बसवून कानाला हेडफोन. बीप ऐकू आली की बटण दाबा. यांची मशीन दर वर्षी बंदच असते, पण तपासणाऱ्या गरिबाची नोकरी कशाला घालवायची? दर पाच सेकंदांनी दाबत राहिलो. पास.

दरवर्षीप्रमाणे कानात घालायचे बोळे वाटले. मी कधीच घालत नाही. कान झाकून कानाचं काम कसं करणार?

२२ डिसेंबर
मॅनेजरसाहेबांकडे शब्द टाकला होता, मान राखला. आयरा आजपासून माझी असिस्टंट. मॅडमना नाहीतरी दुसरं मत हवंच होतं. तिलाही दोन बटणं दिली.

पहिल्याच दिवशी मी ओके केलेल्या अकरा ड्रमना तिने लाल दाबलं. सगळ्यांसमोर. नवखं माणूस घाबरून लाल दाबतं, असं मॅडमना सांगून तिची बाजू सावरली.

वराळ्याला घरी येताना बसमध्ये ती विचारत होती, अब्बा, शेवटची किणकिण मधेच तुटते, ती ऐकू येत नाही का तुम्हाला? तिला म्हटलं, अनुभव नसला की किणकिण ऐकू येते. मग घरापर्यंत गप्प होती. किंवा बसचा आवाज होता.

१५ जानेवारी
मशीन आणि मी, अठ्ठ्याण्णव टक्के जुळतो. मेहुण्याच्या लोणावळ्याच्या दुकानातून चिक्की आणून खात्यात वाटली. ऐंशी टक्क्यांचा संकल्प मोडला, पण शिकवायला बसलो की हात आखडता घेता येत नाही. स्वभाव.

तेजल मॅडमनी चिक्की घेतली नाही. म्हणाल्या, सर, सिस्टीम अगदी तुमच्यासारखीच… नेमका तेव्हा कॉम्प्रेसर सुरू झाला. शेवटचा शब्द गेला. 'ऐकते' असणार.

९ फेब्रुवारी
वाईट बातमी. बोरघाटात उतारावर एका ट्रकचा ड्रम फुटला. आमचाच. ट्रक कठड्यावर गेला. ड्रायव्हर कोंडाजी, अमृतच्या भावकीतला. जीव वाचला, उजवा पाय गुडघ्यापासून काढला.

त्या लॉटचे उरलेले ड्रम परत आलेत. तड्यात शिरणारा रंग लावून तपासले तर त्रेचाळीसमध्ये तडे.

मी सगळ्यांसमोर सांगितलं, मशीनवर भरवसा ठेवला की हे होतं.

१० फेब्रुवारी
लॉट ऑगस्टचा निघाला. मशीन नोव्हेंबरची. शिक्का माझा.

ऑगस्टमध्ये मला सर्दी होती.

अमृत आज बोलला नाही. म्हणजे, मला तरी ऐकू आलं नाही.

संकल्प: रविवारी कोंडाजीला भेटायला जायचं.

२१ फेब्रुवारी
रोजा. रविवारचं राहून गेलं होतं, उद्याचंही रमजानमुळे जमणार नाही. ईद झाली की नक्की.

संध्याकाळी खजूर हातात घेऊन अझानची वाट बघत बसलो. अमिनाने कोपराने ढोसलं तेव्हा बघतो तर सगळ्यांची भजी खाऊन झालेली. मशिदीत अझान देणाऱ्या याह्याभाईंना सांगून आलो की भोंगा दुरुस्त करा. ते माझ्याकडे बघत राहिले. मग खांद्यावर हात ठेवला.

२६ फेब्रुवारी
मीटिंग. खुर्ची दिली नाही.

तेजल मॅडमनी भिंतीवर आलेख दाखवला. माझ्याकडे न बघता बोलत होत्या, पण या वेळी मोठ्याने. म्हणाल्या, "सिस्टीमने सरांचं बरोबर ते उचललं आणि चुकीचं तेही उचललं. सरांना जे ऐकू येत नाही, ते तिलाही येत नाही."

जानेवारीतला शब्द 'चुकते' होता.

माझी सगळी हिरवी-लाल पुसली. पावणेचार महिन्यांची. आता मशीन आयराच्या बटणांवरून नव्याने शिकणार. मला पॅकिंगला टाकलं. डोळ्यांचं काम आहे म्हणाले.

तळेगावात कान तपासून घ्यायला लावले. बारीक आवाज दोन्ही कानांतून गेलेत. डॉक्टरने विचारलं, किती वर्षं? मी म्हटलं, बाहेर पंखा चालू होता, त्यामुळे नीट तपासणी झाली नाही.

असो. मशीनला मुलाणीच शिकवणार. घराणं कायम. आयरा म्हणजे दोन वर्षं आधीच पर्मनंट, किंवा त्याच्या आसपास. घरात आलो तर भिंतीवरचा पुठ्ठा कुणीतरी काढलेला. कपाटामागे सापडला. 'तिसरं वर्ष' खोडून 'पहिलं' केलं आणि पुन्हा लावला.

२२ मार्च
ईद काल झाली. आयराने ईदी म्हणून कानाचं यंत्र आणलं. गरज नव्हती, पण पोरीचं मन कुठे मोडायचं? कोंडाजीकडे पुढच्या रविवारी.

४.१०. यंत्र कानात घातलं. पंख्याला केवढा आवाज आहे. माझ्या चपलांना आवाज आहे. इमारतीमागच्या जांभळावर कोकिळा ओरडतेय, यंदा एकही नाही असं मी सोसायटीत लेखी दिलं होतं. कुकरची शिट्टी झाली. चांगली आहे.

४.२०. अमिना हळू बोलत नाही.

४.३०. हॉलमध्ये पेपर वाचत होतो. त्या दोघी स्वयंपाकघरात. आयरा म्हणाली, "अम्मी, अजून चाळीस दिवस. मशीन माझ्याकडून शिकली की मलाही जा म्हणणारेत. मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलंय. अब्बांना नको कळू देऊ, पुठ्ठा परत लावलाय त्यांनी."

अमिना म्हणाली, "बोल बिनधास्त. त्यांना कुठे ऐकू जातंय."

४.३५. यंत्रात दोष आहे. कुणी न बोललेलंही ऐकू येतं. काढून डबीत ठेवलं. उद्या बदलून आणणार.